लिथॉप्स: पाणी कधी द्यायचं नाही, ते आधी शिका

लिथॉप्स म्हणजे खड्यासारखं दिसणारं, पानांत पाणी साठवणारं छोटं सक्युलंट. ते दुर्लक्षाने फारसं मरत नाही, मायेने मरतं. झारी हातात असते, बाकीच्या कुंड्यांना पाणी घालून झालेलं असतं, तेवढ्यात हे सुरकुतलेलं दिसतं आणि त्यालाही घोटभर पाजलं जातं. दोन-चार दिवस ते टरारून येतं. मग बुडाशी पिवळट, पारदर्शक दिसायला लागतं आणि एके दिवशी बोट लावावं तर पाणचट लगदा हाताला लागतो. म्हणून या लेखात पाणी घालण्यापेक्षा न घालण्याबद्दल जास्त लिहिलं आहे.

दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोत्स्वानाचा काही भाग, मुख्यतः याच पट्ट्यात लिथॉप्स निसर्गात उगवतं. आजूबाजूच्या खड्यांशी रंगाने आणि नक्षीने ते इतकं मिळून जातं की माहीतगार माणूसही त्यावर पाय देऊन पुढे जातो. विल्यम बर्चेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाने 1811 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिस्का गावाजवळ विचित्र आकाराचा खडा समजून जे उचललं, ते लिथॉप्स निघालं. या वंशाला आजचं नाव वनस्पतिशास्त्रज्ञ एन. ई. ब्राउन यांनी 1922 मध्ये दिलं. जाती साधारण 40, पण एकेका जातीत ठिकाणागणिक रंग आणि नक्षी बदलते, त्यामुळे एकदा नाद लागला की जमवणं काही संपत नाही.

रोपाची रचना अगदी साधी आहे. दोन जाडजूड पानं खाली एकमेकांना जुळून उलट्या शंकूसारखी झालेली, मध्ये एक फट आणि खाली मूळ. खोड म्हणावं असं काही नाहीच. पानांचा वरचा सपाट भाग अर्धपारदर्शक असतो, त्याला खिडकी म्हणतात. ऊन या खिडकीतून आत शिरतं आणि पानाच्या आतल्या कडेने असलेल्या हिरव्या थरावर पडतं. त्यामुळे रानात हे रोप जवळजवळ सगळं जमिनीत राहतं, फक्त तोंड वर.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण पुढचा बराचसा लेख तिच्यावर उभा आहे. लिथॉप्सची रंध्रं रात्री उघडतात. भर उन्हात ती उघडली तर साठवलेलं पाणी उडून जाईल. म्हणून लागणारा कार्बन डायऑक्साइड रात्रीच्या गारव्यात आत घेऊन ठेवायचा आणि दिवसा उन्हात वापरायचा, असा याचा कारभार आहे. रात्रीसुद्धा उकाडा हटला नाही तर हे काम मंदावतं, रोप थांबतं, मुळं पाणी ओढेनाशी होतात आणि कुंडीतली ओल तशीच मुरत राहते. गरम आणि ओली माती म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

पहिलं रोप निवडताना

पहिल्यांदाच आणत असाल तर लिथॉप्स ऑकाम्पी, लेस्लिआय, सॅलिकोला किंवा कॅरासमोंटाना यांपैकी एखादं घ्या. ऑकाम्पी आकाराने मोठं, विटकरी-तपकिरी, आणि चुका पोटात घालणारं. सॅलिकोला राखाडी रंगाचं, थोड्या जास्त पाण्यालाही इतरांपेक्षा बरं तोंड देणारं. फोटोत सगळ्यांना भुरळ घालणारं माणकासारखं लाल ऑप्टिका रुब्रा मात्र पहिलं रोप म्हणून नको. ऑप्टिका ही नामिबियातल्या लुडरिट्झजवळच्या धुकट किनाऱ्याकडची जात. तिचं वेळापत्रक बाकीच्यांपेक्षा उशिराने चालतं आणि नवशिक्याला ते हमखास चकवतं.

रोप हातात घेऊन बघा. दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटाने अलगद दाबलं तर ते ताज्या द्राक्षासारखं घट्ट लागलं पाहिजे. बुडाशी मऊ असेल तर घेऊ नका, मग कितीही स्वस्त मिळो. फटीत डोकावून पांढरा कापूस, म्हणजे कीड, दिसतो का ते पाहा. एका डोक्यावर, म्हणजे वाढीच्या एका टोकावर, पानांच्या दोन-तीन जोड्या एकावर एक ताज्या दिसत असतील, रोप मनोऱ्यासारखं उंच झालं असेल, तर त्याला चुकीच्या वेळी पाणी पाजलेलं आहे. ते सुधारतं, पण वर्षभर धीर धरावा लागतो.

ऑनलाइन निळ्या, जांभळ्या, इंद्रधनुषी लिथॉप्सच्या बिया विकल्या जातात. निळं लिथॉप्स अस्तित्वात नाही. तो फोटोवर चढवलेला रंग असतो, आणि पुडीतून काय उगवेल ते पेरणाऱ्याचं नशीब.

आणि रोप बियांपासून वाढवलेलं आहे का, हे विक्रेत्याला विचाराच. दक्षिण आफ्रिकेत 2019 नंतर रानातून छोटी सक्युलंट उपटून बाहेर पाठवण्याचा धंदा बोकाळला. त्यात कोनोफायटम या लिथॉप्सच्या नातलगाला सगळ्यात मोठा फटका बसला, पण लिथॉप्सही सुटलं नाही. रानातलं रोप बहुधा ओळखू येतं: अंगावर जुने व्रण, वेडीवाकडी वाढ, तुटलेलं जाड मूळ, आणि एकाच विक्रेत्याकडे एकदम आलेली म्हातारी, अनेक डोक्यांची झुडपं. अशी रोपं कुंडीत टिकतही नाहीत. बियांपासून वाढवलेली रोपं एकसारखी, नितळ आणि लहान दिसतात.

कुंडी आणि माती

रोप आणलं की जुनी माती काढून टाका. रोपवाटिकेतून रोपं बहुतेक वेळा पीटमध्ये (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या भुशात) लावलेली येतात, आणि मुळांभोवती पीटचा घट्ट गोळा असतो. हा गोळा वरून कोरडा दिसला तरी मध्यभागी दिवसेंदिवस ओला राहतो. एकदा कडकडीत वाळला तर पाणी आत घेतच नाही. दोन्ही वाईट. गोळा कोमट पाण्यात भिजवून, जुन्या मऊ ब्रशने हळूहळू सोडवा. केसासारखी बारीक मुळं तुटली तर चालतात, मधलं सोटमूळ जपा. मग रोप सावलीत, हवेशीर जागी दोन-तीन दिवस उघडं ठेवा, म्हणजे जखमा वाळतात.

कुंडी रुंदीला छोटी पण खोल हवी, किमान 10 सेंटिमीटर, कारण मूळ सरळ खाली जातं. मातीची की प्लास्टिकची, यावर लोक तावातावाने भांडतात. माझं मत असं: हवा दमट असेल तर मातीची, कारण ती कडेनेही सुकते. हवा कोरडी असेल तर प्लास्टिकची चालते. तळाला भोक हवंच. भोक नसलेल्या शोभेच्या काचेच्या भांड्यात लिथॉप्स लावलेलं दिसलं की मला त्या रोपाची कीव येते.

मिश्रणात चार भागांपैकी किमान तीन भाग खनिज असावेत: प्युमिस किंवा परलाइट (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे), जाड धुतलेली वाळू, बारीक खडी किंवा विटांचा चुरा, यातलं जे मिळेल ते. दाणे साधारण 2 ते 5 मिलिमीटरचे. उरलेला एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे चाळणं आणि धुणं. विटांच्या चुऱ्यातली पूड तशीच राहिली तर ती पाण्याबरोबर तळाशी जाऊन चिखल होते आणि मग तुमची खडी काही कामाची राहत नाही. बांधकामाची बारीक वाळू याच कारणासाठी नको, समुद्राची वाळू क्षारांमुळे नको.

रोप लावताना निम्म्याहून थोडं जास्त अंग मातीत जाऊ द्या, खांदे वर राहू द्या. रानात ते गळ्यापर्यंत गाडलेलं असतं हे खरं, पण तिथे हवा कोरडी असते. कुंडीत इतकं खोल लावलं तर अंगाशी ओल राहते. वर खड्यांचा पातळ थर द्या, त्याने रोप सरळ उभं राहतं आणि मानेजवळ कोरडं राहतं. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही.

ऊन

रोज चार-पाच तास थेट ऊन, शक्यतो सकाळचं. दुपारचं ऊन प्रखर असेल तर तेवढ्या वेळापुरती जाळीची सावली. प्रकाश कमी पडला की लिथॉप्स लगेच सांगतं: ताठ बसलेलं रोप उंच, निमुळतं होतं, उजेडाकडे झुकतं आणि वरची नक्षी हिरवट पडते. लांबलेली जोडी पुन्हा आखूड होत नाही, पुढच्या जोडीची वाट बघावी लागते.

घाई मात्र नको. दुकानात किंवा घरात सावलीत राहिलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर ते भाजतं, आणि तो पांढरा-तपकिरी डाग त्या जोडीच्या अंगावर शेवटपर्यंत राहतो. दोन-तीन आठवडे हळूहळू ऊन वाढवा. खिडकीची काच मध्ये असेल आणि हवा खेळत नसेल तर कुंडी फार तापते, तिकडे लक्ष ठेवा. बाल्कनी नसेल तर ग्रो लाइटवर (रोपांसाठीच्या दिव्याखाली) लिथॉप्स चांगलं वाढतं, दिवसाला दहा-बारा तास द्यावे लागतात.

पाणी

आठवड्यातून एकदा, पंधरा दिवसांतून एकदा, अशी कुठलीही मात्रा लिथॉप्सला लागू होत नाही. रोप वर्षाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी ओळखायचं, मग झारी उचलायची की नाही ते ठरवायचं. पुढचे महिने उत्तर गोलार्धातले आहेत. जातीनुसार आणि हवामानानुसार ते मागेपुढे होतात, म्हणून महिन्यांपेक्षा रोपाकडे बघा.

सुरुवात फुलापासून करू. बहुतेक जाती सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या सुमारास फुलतात. हा त्यांचा जोमाचा काळ, तेव्हा पाणी द्यायचं. फूल सुकलं की पाणी बंद. इथून पुढे बाहेरून काहीच घडताना दिसत नाही, पण आत नवीन जोडी तयार होत असते, आणि ती वाढते जुन्या पानांतलं पाणी शोषून. मुळांकडून तिला काही नको असतं.

हिवाळा सरत आला की फट रुंदावते. आत डोकावलं तर नव्या जोडीचा माथा दिसतो, जुन्यापेक्षा गडद आणि तुकतुकीत. तिची फट जुन्या फटीला काटकोनात असते. कधी आत एकाऐवजी दोन जोड्या दिसतात, म्हणजे रोपाचं आता दुसरं डोकं फुटणार. बाहेरची जुनी पानं याच काळात मऊ पडतात, चुरगळतात, केविलवाणी दिसतात. नवशिक्याचा हात इथेच झारीकडे जातो. आवरा. त्या सुरकुत्या तहानेच्या नाहीत, रोप कात टाकत आहे. या दिवसांत पाणी मिळालं तर जुनी पानं ते पिऊन पुन्हा फुगतात, वाळायचं विसरतात, आणि नवी जोडी त्यांच्या कचाट्यात अडकते. मनोऱ्यासारखी रोपं तयार होतात ती अशी.

जुनी पानं पार कागदासारखी वाळली, बोटाने चुरचुरली, की पहिलं पाणी. अर्धवट वाळलेली साल ओढून काढायचा मोह होतो, पण आतली कोवळी पानं ओरखडतात. ती आपोआप सुटू द्या.

मग वसंतापासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत पाणी चालू. कडक उन्हाळ्यात रोप पुन्हा थांबतं, तेव्हा हात आखडता घ्या. फार आक्रसलं तर संध्याकाळी, तेही जेमतेम मुळं ओली होतील इतकंच पाणी. रात्री गार व्हायला लागल्या की रोप जागं होतं आणि फुलाची तयारी करतं, तेव्हा पुन्हा नेहमीसारखं.

पाणी द्यायचं ठरलं की भरपूर द्या. तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. मग माती खालपर्यंत सुकल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही. बांबूची बारीक काडी कडेने तळापर्यंत खोचून ठेवा, बाहेर काढून बघा: काडी गार किंवा काळसर लागली तर थांबा. रोज थोडं थोडं शिंपडणं सगळ्यात वाईट, त्याने खोल मुळांना काही मिळत नाही आणि मान तेवढी ओली राहते. फटीत पाणी साचू देऊ नका, साचलंच तर टिश्यूने टिपून घ्या.

वाढीच्या काळातली खरी तहान कशी ओळखायची? संध्याकाळी रोपाच्या वरच्या भागावर बारीक सुरकुत्या दिसल्या आणि सकाळपर्यंत त्या गेल्या, तर घाई नाही. सकाळीही तशाच असतील आणि दाबल्यावर रोप किंचित दबत असेल, तर द्या. शंका आली तर दोन दिवस थांबा. तहानलेलं लिथॉप्स एका पाण्यात सावरतं, कुजलेलं सावरत नाही.

खताचं फार मनावर घेऊ नका. वाढीच्या काळात वर्षातून एकदा-दोनदा, नायट्रोजन कमी असलेलं द्रवखत चौथाई ताकदीने. तेही नाही दिलं तरी चालतं.

दमट आणि पावसाळी हवामानात

जिथे उन्हाळ्यानंतर लगेच महिनोन्‌महिने पाऊस आणि दमट हवा असते, तिथे लिथॉप्सची खरी परीक्षा तीच. कुंड्या पावसाच्या थेट माऱ्यात नकोत. वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक हवं, बाजू मात्र मोकळ्या, म्हणजे उजेड येतो आणि वाराही फिरतो. ढगाळ दिवस सलग असतील तर पाणी नाहीच, कारण माती सुकणार नाही. एक छोटा पंखा दिवसाचे काही तास लावून ठेवला तर फार फरक पडतो. खतांवर आणि बुरशीनाशकांवर खर्च करण्यापेक्षा तो आधी पंख्यावर करावा.

थंडीचा त्रास त्या मानाने कमी. माती कोरडी असेल तर 5 अंशांपर्यंत काळजी नाही. गारठणारी माती ओली असेल तर आहे.

बिघडलं तर

पानाला उभी-आडवी चीर पडली, मांस दिसायला लागलं: पाणी जास्त झालं, आतला दाब सालीला झेपला नाही. काही करू नका, जखम सुकते, व्रण राहतो, पुढची जोडी स्वच्छ येते.

फटीत किंवा मानेजवळ पांढरा कापूस: पिठ्या ढेकूण. 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढा, आठवड्याने पुन्हा बघा. उपचारानंतर रोप दिवसभर उन्हात ठेवू नका. रोप कारण नसताना खुरटलं असेल तर उपटून मुळं बघा, हाच ढेकूण मुळांवरही लागतो आणि कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी भुकटी सोडतो. मुळं धुवा, माती फेकून द्या, कुंडी गरम पाण्याने घासा.

पानांवर बारीक, राखाडी-तपकिरी खरवड: कोळी, म्हणजे माइट ही बारीक कीड. खिडकीची नक्षी बिघडते ती बिघडतेच. गंधकाची फवारणी उपयोगी, उन्हात नको. अर्धं रोप रात्रीत गायब झालं असेल तर गोगलगाय, उंदीर किंवा पक्षी. कोरड्या दिवसांत त्यांच्यासाठी ही पाण्याची पिशवीच असते, त्यावर जाळीशिवाय उपाय नाही.

बूड मऊ पडलं तर खरं सांगायचं म्हणजे फार आशा ठेवू नका. अनेक डोक्यांचं झुडूप असेल तर निरोगी डोकं धारदार, स्वच्छ पात्याने कापून वेगळं करा, आठवडाभर वाळवा आणि कोरड्या खडीत बसवा. कधी कधी मुळं धरतात.

फुलं आणि बी

तीन ते पाच वर्षांचं रोप फुलतं. कळी फटीतून वर येते आणि फूल बऱ्याचदा दुपारी उमलून संध्याकाळी मिटतं, असं काही दिवस चालतं. फुलं बहुतेक पिवळी किंवा पांढरी; व्हेरुक्युलोसा या जातीत मात्र नारिंगी, गुलाबीसर छटा मिळतात. उमललेलं फूल अनेकदा रोपापेक्षा मोठं असतं.

बी हवं असेल तर एक रोप पुरत नाही. स्वतःच्या परागाने लिथॉप्सला सहसा बी धरत नाही. एकाच जातीची, वेगवेगळ्या बियांपासून आलेली दोन रोपं एकाच वेळी फुललेली हवीत. दुपारी मऊ कुंचल्याने एकाचे पराग दुसऱ्याला लावा. बोंड पिकायला महिने लागतात.

वाळलेल्या बोंडावर पाण्याचा थेंब टाकून बघा. मिटलेले कप्पे डोळ्यांदेखत चांदणीसारखे उघडतात आणि वाळले की पुन्हा मिटतात. रानात पाऊस पडला तरच बी बाहेर पडावं, याची ही सोय: पावसाचे थेंबच बी आजूबाजूला उडवतात. तुम्ही उघडलेलं बोंड बशीत धरून ड्रॉपरने पाणी मारा आणि बी टिश्यूवर वाळवून घ्या. ते धुळीइतकं बारीक असतं, पंखा बंद ठेवा.

पेरताना तेच मिश्रण, पण वरचा थर बारीक चाळलेला. बी वर पसरा, झाकू नका. कुंडी खालून पाण्यात ठेवून भिजवा आणि वर पारदर्शक झाकण घाला. तापमान 18 ते 25 अंश, रात्री थोडं गार. आठवडा-दोन आठवड्यांत टाचणीच्या टोकाएवढे हिरवे ठिपके दिसतात. आता मोठ्या रोपांचा नियम उलटा: पहिले काही महिने माती पूर्ण सुकू द्यायची नाही. अंकुर दिसल्यावर झाकण रोज थोडं थोडं उघडा, नाहीतर बुरशी एका रात्रीत सगळी रोपं आडवी करते. थेट कडक ऊनही नको. पहिली खरी जोडी आली की हळूहळू पाण्यातलं अंतर वाढवा, आणि दुसऱ्या वर्षापासून मोठ्यांच्या वेळापत्रकावर आणा.

पेरल्या दिवशीच नावाची पट्टी लावा, शिसपेन्सिलने, कारण मार्करची शाई उन्हात उडते. बियांच्या पुडीवर सी (C) आणि पुढे आकडा असेल तर तोही लिहा. डेस्मंड कोल आणि नॉरीन कोल या दांपत्याने आफ्रिकेत फिरून लिथॉप्सच्या 400 हून अधिक ठिकाणांना असे क्रमांक दिले, आणि जगभरचे वाढवणारे आजही तेच वापरतात. त्या आकड्यावरून तुमचं रोप मूळ कोणत्या ठिकाणचं ते कळतं, आणि पुढे जोडी लावताना त्याच क्रमांकाचं दुसरं रोप शोधता येतं.